पेटीतली वीज

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाचा लेखी पाठ)



२० मे २०२० रोजी दुपारी अम्फान हे चक्रीवादळ सुंदरबनात बकखालीजवळ किनाऱ्याला धडकले आणि संध्याकाळी कोलकाता शहरावरून गेले. शहरातील हजारो झाडे एका रात्रीत कोसळली; त्यांच्याबरोबर विजेचे खांब आणि तारा आल्या. टाळेबंदी चालू असल्याने दुरुस्तीला माणसे अपुरी होती. बेहाला, जादवपूर, गडिया अशा दक्षिणेकडील वस्त्यांत दिवसामागून दिवस वीज आली नाही. वीज नसल्याने पंप बंद, पंप बंद असल्याने वरच्या मजल्यांवर पाणी नाही, आणि दूरध्वनीही मुका. लोक रस्त्यावर उतरले. २३ मे रोजी राज्य सरकारने रस्ते मोकळे करण्यासाठी सैन्याची मदत मागितली.

महाराष्ट्राला या बातमीकडे त्रयस्थपणे पाहण्याची सवड फार मिळाली नाही. बरोबर चौदा दिवसांनी, ३ जून रोजी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतील कित्येक गावांनी नंतरचे अनेक आठवडे कंदिलाच्या उजेडात काढले. नारळी-पोफळीच्या बागा गेल्याचे दुःख मोठे होते. परंतु घरात दम्याचा रुग्ण आहे आणि वाफारा देणारे यंत्र चालवायला वीज नाही, हे दुःख रोज रात्री नव्याने येत असे.

या मेळाव्यासाठी निवडलेला विषय त्या रात्रींशी निगडित आहे. घरच्या घरी जुळवता येईल, एका माणसाला उचलून दुसऱ्या खोलीत किंवा शेजाऱ्याच्या घरी नेता येईल, अशी विजेची पेटी कशी बांधावी आणि मुख्य म्हणजे ती कशी पारखावी, हा तो विषय होय. आणि त्यासाठी कोलकात्याचाच आधार घ्यावा, याला वादळाखेरीज आणखी एक कारण आहे. त्या शहरात खांबावरची वीज नंतर आली. पेटीतली वीज तिच्या साठ वर्षे आधी आली होती.

१८३५ साली कोलकात्यात वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. तेथे रसायनशास्त्र शिकवणारे विल्यम ओ'शॉनेसी हे आयरिश डॉक्टर मोठे विलक्षण गृहस्थ होते. पटकीच्या रुग्णाच्या रक्तातील पाणी आणि क्षार निघून जातात, ते परत दिले पाहिजेत, हा विचार त्यांनी भारतात येण्यापूर्वीच, वयाच्या विशीत मांडला होता. कोलकात्यात त्यांना विजेचा छंद लागला. त्या काळी वीज विकत मिळत नसे. ज्याला ती हवी त्याने जस्त, तांबे, आम्ल आणि भांडी गोळा करून स्वतःचा विद्युत्घट सिद्ध करायचा. १८३९ च्या एप्रिल-मे महिन्यांत ओ'शॉनेसींनी वनस्पतिशास्त्रज्ञ नाथानिएल वॉलिच यांच्या साहाय्याने कोलकात्याजवळ सुमारे २१ मैल लांबीची तार उभारली. खांब म्हणून बांबू वापरले, आणि मंडलाचा ७००० फुटांचा भाग चक्क नदीतून नेला. संदेश वाचण्यासाठी आजच्यासारखे यंत्र नव्हते. तारेतून येणारा सौम्य झटका बोटांना जाणवे आणि त्यावरून अक्षर ओळखले जाई. त्याच सुमारास हुगळीत फुलताजवळ बुडालेल्या ‘इक्विटेबल’ या जहाजाचा वाहतुकीला अडथळा होणारा सांगाडा त्यांनी बॅटरीच्या साहाय्याने पाण्याखाली दारू पेटवून उडवून दिला. नदीच्या पात्रात विजेचा उगम सोबत नेल्यावाचून हे काम होणे शक्य नव्हते.

यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट बॅटरी तयार झाली ही नव्हे. तशा बॅटऱ्या युरोपात अनेकांच्या मेजावर होत्या. ओ'शॉनेसींनी ती मेजावरून उचलून मैलोगणती तारेला, दमट हवेला, नदीच्या पाण्याला आणि बंगालच्या उन्हाळ्याला जोडली, आणि तेथे ती काय करते ते पाहून लिहून ठेवले. सरकारने मात्र दहा-अकरा वर्षे त्या लेखनाकडे ढुंकून पाहिले नाही. डलहौसी गव्हर्नर जनरल झाल्यावर चक्रे फिरली आणि १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर ही तारायंत्राची वाट सुरू झाली. त्या कामात ओ'शॉनेसींचे उजवे हात होते टांकसाळीतील त्यांचे सहकारी शिवचंद्र नंदी. डायमंड हार्बरच्या टोकाकडून पहिला संदेश पाठवणारे तेच. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत डलहौसींचे नाव येते, नंदींचे येत नाही; वर्गात तार शिकवताना हे नाव सांगायला हरकत नसावी.

दुसरी पेटी अधिक प्रसिद्ध आहे. १८८५ मध्ये जगदीशचंद्र बोस प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले. गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा कमी वेतन देऊ केले म्हणून त्यांनी तीन वर्षे वेतन घेतले नाही, ही कथा सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या उपकरणांची कथा तितकी ठाऊक नसते. प्रयोगशाळा म्हणावी अशी जागा त्यांना मिळालेली नव्हती. एका लहानशा कोपऱ्यात, पत्र्याचे काम करणाऱ्या साध्या कारागिराला हाताशी धरून आणि शिकवून, त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत्लहरी निर्माण करणारे यंत्र घडवले. विद्युत्लहरींवर काम करणाऱ्या त्या काळच्या इतर शास्त्रज्ञांची यंत्रे खोली व्यापून टाकणारी असत. बोसांचे यंत्र प्रवासाच्या सामानात मावे. त्याच्या धातूच्या दुहेरी पेटीत ठिणगी पाडणारे वेटोळे होते आणि शेजारीच एक लहानसा संचायक विद्युत्घट, म्हणजे पुन्हा पुन्हा भारता येणारा घट होता.

या घटाच्या बाबतीत बोसांनी केलेली काटकसर आजच्या विषयाला फार उपयोगाची आहे. इतर प्रयोगकर्ते ठिणग्यांची अखंड सरबत्ती चालू ठेवीत. त्यामुळे घट लवकर रिता होई आणि ज्या गोळ्यांमध्ये ठिणगी पडे त्यांचा पृष्ठभागही खडबडीत होऊन लहरी अनियमित होत. बोसांनी कळ दाबून एका वेळी एकच ठिणगी पाडण्याची पद्धत ठेवली, कारण प्रयोगाला एकच पुरेशी होती. किती वीज साठवता येईल यापेक्षा काम नेमक्या किती विजेत होईल, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला.

१८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी या लहरींचा जाहीर प्रयोग केला. लेफ्टनंट गव्हर्नरांचे शरीर आणि मधल्या भिंती ओलांडून लहरी गेल्या, पलीकडे घंटा वाजली, दारूचा बार उडाला. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हीच यंत्रे समुद्र ओलांडून आलेली श्रोत्यांनी पाहिली. आणि कोलकात्याला सार्वजनिक वीज कधी मिळाली? १७ एप्रिल १८९९ रोजी, इमामबाग लेनमधील वीजकेंद्रातून. म्हणजे टाऊन हॉलमधील ती घंटा वाजली तेव्हा भिंतीत बटण नव्हते, खांबावर तार नव्हती. लागेल तेवढी वीज वक्त्याने स्वतःच्या पेटीतून आणली होती आणि ती ऐनवेळी दगा देणार नाही याची खात्री त्याने घरून निघण्यापूर्वीच करून घेतलेली असणार.

मराठी श्रोत्यांसाठी येथे एक लहानसे विषयांतर. बोसांनी १९१७ मध्ये स्थापन केलेले विज्ञान मंदिर ज्या रस्त्यावर आहे तो पूर्वीचा अप्पर सर्क्युलर रोड. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली कोलकातेकरांनी जो ‘मराठा खंदक’ खणला, तो पुढे बुजवून हा सर्क्युलर रोड तयार झाला. आपल्या पूर्वजांच्या भयाने खणलेल्या चराच्या काठी आज बोसांची ती उपकरणे जतन केलेली आहेत, आणि तेथे जाणाऱ्या मराठी प्रवाशाचे स्वागतच होते.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत कोलकात्याने पुन्हा एकदा पेटीतल्या विजेचा आश्रय घेतला. ‘लोडशेडिंग’ हा शब्द तेथे घरातील लहान मुलालाही येई. ज्याला परवडे तो जिन्याखाली मालमोटारीची बॅटरी आणि तिच्यावर इन्व्हर्टर ठेवी. बाकीच्यांना कंदील आणि ताडपत्राचा पंखा. महाराष्ट्राने ‘भारनियमन’ हा अधिक संस्कृतप्रचुर शब्द वापरून पुढे तोच अनुभव घेतला. या सभागृहातील कित्येकांची दहावी त्या अंधारात झाली असेल.

आता प्रत्यक्ष पेटीकडे येऊ. दक्षिण कोलकात्यातील दोन खोल्यांचे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. ते दापोलीतील किंवा आपल्या शाळेच्या मागच्या गल्लीतील मानले तरी गणित बदलत नाही. रात्रभरासाठी काय हवे? ३० वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या नव्या पद्धतीचा एक पंखा आठ तास : २४० वॅट-तास. नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे पाच तास : ९०. इंटरनेटचे १० वॅटचे यंत्र आठ तास : ८०. दोन मोबाइल संच : ३०. दम्याच्या रुग्णासाठी १२० वॅटचा नेब्युलायझर, पंधरा-पंधरा मिनिटे दोनदा : ६०. बेरीज बरोबर ५०० वॅट-तास.

बॅटरीतील एकदिश प्रवाह घरातील उपकरणांना चालेल असा करून देणारा इन्व्हर्टर आपला वाटा कापून घेतो. साधारण शंभरातील पंधरा. म्हणून बॅटरीने ५०० ऐवजी ५८८ वॅट-तास द्यायला हवेत. बॅटरी तळापर्यंत खरवडून वापरली तर तिचे आयुष्य घटते. लिथियम लोह फॉस्फेट प्रकारची बॅटरी शंभरातील ऐंशीपर्यंत वापरावी, नेहमीची शिसे-आम्लाची पन्नासपर्यंतच. लिथियमचे ३.२ व्होल्टचे चार घट एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात. ६० अँपिअर-तासांचे असे चार घट घेतले तर १२.८ गुणिले ६० म्हणजे ७६८ वॅट-तास, आणि त्यातील ८० टक्के म्हणजे ६१४. रात्र निभावते. हेच काम शिसे-आम्लाकडून घ्यायचे तर १०० अँपिअर-तासांची बॅटरी लागेल. पहिलीचे वजन सात-आठ किलो, दुसरीचे तीसच्या आसपास. पहिली आजीच्या खोलीत नेता येते. दुसरी जिन्याखालीच राहते, म्हणूनच तिला उचलती पेटी म्हणणे धाडसाचे होईल.

याच हिशेबात पंखा जुना, ७५ वॅटचा धरला तर ५०० चे ८६० होतात आणि बॅटरी जवळजवळ पावणेदोनपट घ्यावी लागते. बोसांची एक ठिणगी येथे आठवावी. मोठी पेटी घेण्यापूर्वी पंखा बदलणे स्वस्त पडते.

जुळणीचे काम त्यामानाने थोडक्यात सांगण्यासारखे आहे. कोलकात्यात चांदनी चौक बाजारात आणि एझरा स्ट्रीटवर, पुण्या-मुंबईत अशाच बाजारांत, सर्व सुटे भाग मिळतात. चार घट, त्यांच्यावर लक्ष ठेवणारे बीएमएस नावाचे संरक्षक मंडल, शुद्ध साइन तरंग देणारा ३०० वॅटचा इन्व्हर्टर, चार लिथियम लोह फॉस्फेट घटांसाठीचा १४.६ व्होल्टचा भारक, फ्यूज आणि जाड तांब्याची तार. स्वस्त इन्व्हर्टर ओबडधोबड तरंग देतो. त्यावर पंखा गुणगुणतो आणि मोटर तापते. ३०० वॅटला बारा व्होल्टच्या बाजूने जवळजवळ २८ अँपिअर वाहतात, म्हणजे घरातील संपूर्ण वाशिंग मशीनला लागतात त्याहून कितीतरी अधिक. म्हणून ही तार आखूड आणि जाड हवी, आणि फ्यूज बॅटरीच्या धन अग्राला अगदी लागून हवा. दूर बसवलेला फ्यूज मधल्या तारेचे रक्षण करत नाही. जोड सैल राहिला तर तो तापतो, आणि दमट हवेत गंज चढून अधिक तापतो. टोटो रिक्षांतून किंवा जुन्या लॅपटॉपमधून काढलेले घट स्वस्तात मिळतात. मुलांच्या हाती ते देऊ नयेत. शिसे-आम्लाची बॅटरी बंद पेटीत भारू नये, कारण भारताना हायड्रोजन वायू सुटतो. शाळेच्या वयाच्या मुलाने हे सारे जाणत्या व्यक्तीच्या देखत करावे, हेही ओघाने आलेच.

येथपर्यंत आले की दिवा लागतो, टाळ्या पडतात आणि बहुतेक जण थांबतात. विज्ञान प्रदर्शनांतही असेच होते : दिवा लागला की पारितोषिक. वस्तुतः दिवा लागणे याने एवढेच सिद्ध होते की या क्षणी, या एका दिव्यापुरती, वीज आहे. रात्री तीन वाजता ती असेल का, हा प्रश्न तसाच राहतो. आणि पेटी तर त्यासाठीच केलेली असते.

मापनयंत्राने व्होल्ट पाहून याचे उत्तर मिळेल असे वाटते, पण लिथियम लोह फॉस्फेट येथे फसवते. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा दाब वापराबरोबर हळूहळू उतरतो. टाकीतील पाणी कमी झाले की नळाची धार बारीक व्हावी तसा. लिथियमच्या या प्रकाराची धार मात्र टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत तशीच राहते आणि मग एकाएकी तुटते. ७० टक्के भरलेली आणि ४० टक्के भरलेली बॅटरी व्होल्टवरून ओळखणे सामान्य माणसाला अवघड जाते. म्हणून एकच खात्रीचा मार्ग उरतो : भरलेली बॅटरी ठरावीक भारावर पूर्ण रिकामी करून पाहणे आणि घड्याळ लावणे.

त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. मोटारीच्या पुढच्या दिव्याचे ५५ वॅटचे तीन बल्ब समांतर जोडावेत. ते मिळून सुमारे १३ अँपिअर घेतात. बल्ब फार तापतात, म्हणून फरशीच्या तुकड्यावर ठेवावेत, आणि पूर्ण वेळ कोणीतरी शेजारी बसावे. दर पंधरा मिनिटांनी प्रवाह, एकूण व्होल्ट आणि चारही घटांचे वेगवेगळे व्होल्ट वहीत लिहावेत. ६० अँपिअर-तासांची बॅटरी १३ अँपिअरला चार तास छत्तीस मिनिटांच्या आसपास चालली पाहिजे. ती साडेतीन तासांतच थांबली तर तिच्यात साठ नाहीत, पंचेचाळीस आहेत, वेष्टनावर काहीही छापलेले असो. पंचेचाळीसच्या बॅटरीतून घराच्या हाती ५०० ऐवजी चारशेहूनही कमी वॅट-तास येतात. म्हणजे पंखा पहाटेपूर्वी बंद. हे वादळाच्या रात्री कळण्यापेक्षा रविवारच्या दुपारी कळलेले बरे.

चार घटांचे आकडे वेगळे लिहायचे कारण हे की चौघांच्या खांद्यावरची पालखी ज्याचे पाय आधी थकतात त्याच्यापाशी थांबते. तिघे ३.१ व्होल्टवर असताना चौथा २.५ ला येऊन ठेपला तर बीएमएस सर्वांचा प्रवाह तोडते आणि उरलेल्या तिघांतील वीज तशीच पडून राहते. अशा वेळी घट निकामी आहे असे लगेच ठरवू नये. जुळणीपूर्वी चारही घट एकत्र, समान पातळीवर पूर्ण भारले होते का, हे आधी पाहावे. तसे करून, पुन्हा मोजून, तोच घट पुन्हा मागे पडला तर मग तो बदलावा.

नेब्युलायझर किंवा कोणतेही मोटरचे यंत्र सुरू होताना क्षणभर कितीतरी अधिक प्रवाह ओढते. म्हणून पंखा, दिवे आणि इंटरनेट चालू असताना, बॅटरी अर्धी उतरल्यावर, नेब्युलायझर सुरू करून पाहावा. भरलेल्या बॅटरीवर सुरू होणारे यंत्र अर्ध्या बॅटरीवर इन्व्हर्टरला कधी कधी बंद पाडते. त्यानंतर हात लावून, शक्य तर तापमापकाने, प्रत्येक जोड किती तापला ते तपासावे. ही तपासणी एप्रिलच्या दुपारी करावी. डिसेंबरात सगळ्याच पेट्या गुणी असतात.

शेवटची परीक्षा वर्गात शिकवली जात नाही. ज्याने पेटी केली तो घरी नसताना, दिवे मालवून, घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला ती सुरू करायला सांगावी. कळ कोठे आहे ते हाताला कळते का? भारकाचा प्लग चुकीच्या जागी जाऊ शकतो का? ‘चालू’ आणि ‘बंद’ त्या व्यक्तीच्या भाषेत, ठळक अक्षरांत लिहिले आहे का? इंग्रजी आद्याक्षरांनी भरलेली पेटी करणाऱ्याच्या विद्वत्तेची साक्ष देते आणि अंधारात कोणाच्याही कामी येत नाही.

परीक्षेतून जे निघेल ते कमीपणा न मानता सांगितले पाहिजे, कारण काही गोष्टी या पेटीला झेपत नाहीत. पाच लिटरचे प्राणवायू संकेंद्रक यंत्र ३०० वॅटच्या आसपास वीज घेते. इन्व्हर्टरचा वाटा धरून ही पेटी ते जेमतेम पावणेदोन तास चालवील, तेही पंखा आणि दिवे बंद ठेवून. ज्या घरात असे यंत्र आहे त्या घराने घरगुती पेटीवर विसंबू नये. डॉक्टरांशी बोलून प्राणवायूचा सिलिंडर आणि रुग्णाला हलवण्याची सोय आधीच करून ठेवावी. शेजाऱ्याने मोठ्या विश्वासाने ‘तुमच्याकडे पेटी आहे ना?’ असे विचारले, तर ‘आहे, पण या कामाला पुरणार नाही’ हे उत्तर देता यावे, आणि त्यासाठी हाती मोजलेला आकडा असावा लागतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. दोन्ही टोकांना खिळ्यांचा प्लग असलेली तार तयार करून इन्व्हर्टरची वीज भिंतीतील सॉकेटमधून घरभर सोडण्याचा मोह अनेकांना होतो; सगळ्या खोल्यांत एकदम उजेड पडतो. ती वीज मुख्य कळ चालू राहिली असेल तर मीटरमधून उलट्या दिशेने बाहेर जाते, आणि रस्त्यावरच्या रोहित्रातून तिचा दाब कित्येक पटींनी वाढू शकतो. बाहेर, पडलेल्या झाडाखालून तार सोडवणारा वायरमन ती मृत आहे असे समजून हात घालतो. अम्फानच्या त्या दिवसांत कोलकात्यात साचलेल्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारांनी माणसे दगावली. आपल्या घरातील पंखा चालावा म्हणून दुसऱ्या कोणाच्या घरातील कर्ता माणूस धोक्यात घालणे कोणाही सुजाण कुटुंबाला मान्य होणार नाही. पेटीची वीज पेटीवरच्या सॉकेटमधून, थेट उपकरणाला. भिंतीशी तिचा संबंध नको.

राहिला प्रश्न दुसऱ्या दिवसाचा. वीज चार दिवस येणारच नसेल तर रिकामी पेटी भरायची कशी? १०० वॅटचे सौर पटल स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण ३५० ते ४०० वॅट-तास देते. म्हणजे पूर्ण वापरलेली पेटी भरायला दोन दिवस, आणि वादळानंतरचे आभाळ ढगाळ असेल तर त्याहून अधिक. सुंदरबनातील बेटांना हे गणित जुने आहे. मुख्य भूमीवरून तारा नेणे अवघड म्हणून १९९६ मध्ये सागर बेटावरील कमलपूर येथे सौर वीजकेंद्र सुरू झाले. बॅटरीत साठवलेली वीज तेथील घरांना संध्याकाळचे ठरावीक तासच मिळे, आणि त्या तासांत मुलांचा अभ्यास, दुकान, शिवणयंत्र कसे बसवायचे हे घरोघरी ठरलेले असे. पेटी वापरणाऱ्या घरानेही पहिल्या रात्रीनंतर असाच विचार करावा : इंटरनेट रात्री बंद, दिवा एकच, पंखा रुग्णाच्या खोलीत. ५०० वॅट-तासांची रात्र ३७५ मध्ये बसते, आणि मग सौर पटल तिचा बहुतांश भार पेलते.

शाळेच्या प्रयोगशाळेत अशी पेटी नववीच्या विद्यार्थ्यांना एका सत्रात जुळवता येईल. पाठ्यपुस्तकातील विभव, प्रवाह, शक्ती आणि ऊर्जा हे चारही शब्द तिच्यात एकत्र भेटतात. माजी विद्यार्थ्यांत विद्युत अभियंते आहेत. त्यांनी दोन रविवार दिले तर सुरक्षिततेची बाजू भक्कम होईल. गुण द्यायचे ते दिव्याला न देता वहीला द्यावेत : किती वेळा मोजले, आकडे दोनदा सारखे आले का, नाही आले तर का.

आणि पेटी तयार झाली की झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. त्यावर बॅटरीचा छापील आकडा आणि त्याच्याखाली मोजलेला आकडा. कोणती उपकरणे चालतील, किती तास. कोणती चालणार नाहीत. आणि परीक्षेची तारीख. ही परीक्षा वर्षातून दोनदा घ्यावी. कोलकात्यात पहिली चैत्रात, कालवैशाखीची वादळे सुरू होण्याआधी, आणि दुसरी दुर्गापूजेच्या आधी, कारण बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर-नोव्हेंबरही वादळांचेच असतात. कोकणात पहिली मेच्या पहिल्या आठवड्यात, आगोटीच्या सामानाची यादी होते तेव्हाच, त्याच यादीत लिहून.